शाळेतलं उरलंसुरलं: ताटापासून खतापर्यंतची वाट

पातेल्यात राहिलं ते उरलेलं. ताटात राहिलं ते उष्टं. भांड्याला चिकटलं ते खरकटं. कालचं असेल तर शिळं. आणि भाजी निवडताना बाजूला पडतात ती देठं-सालं. आपल्या आज्यांनी कचऱ्याचं वर्गीकरण कधीच करून ठेवलंय, फक्त त्याला उपक्रम म्हणायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. शाळेत अन्नाची नासाडी कमी करायचं काम नव्यानं हाती घेणार असाल तर हे पाच शब्द फळ्यावर लिहून सुरुवात करा. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. पाचही एका बादलीत गेले की ती नुसती घाण, मग तिचं काहीच करता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिली ते सातवी, पट नव्वदच्या आसपास, दुपारचं जेवण शाळेतच शिजतं. पुढचं सगळं अशा शाळेला धरून लिहिलंय. डब्याच्या किंवा बाहेरून जेवण येणाऱ्या शाळांचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

आधी एक कबुली. आम्ही सुरुवात खड्ड्यापासून केली होती. खड्डा खणला, नारळ फोडला, फोटो काढला. दोन महिन्यांत खड्ड्यात आंबूस वासाचा चिखल झाला आणि ताटातलं उष्टं होतं तेवढंच राहिलं. खत ही या वाटेवरची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी वाढपाची.

आधी कुणाशी बोलायचं

स्वयंपाकी ताईंशी. मुख्याध्यापकांच्याही आधी म्हटलं तरी चालेल. भात किती टाकायचा, मीठ-तिखट किती, डाव किती भरायचा हे सगळं त्यांच्या हातात असतं आणि उष्टी-खरकटी काढायचं ओझंही त्यांच्याच अंगावर पडतं. आम्ही त्यांना न सांगता पहिल्याच दिवशी काटा टांगला. ताई चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, माझा स्वयंपाक तोलताय काय?” त्यानंतर चार दिवस त्या आमच्याशी कामापुरतंच बोलल्या. चूक आमचीच होती. आता मी असं सांगतो: “ताई, पोरं टाकतात किती ते बघू, म्हणजे तुम्हाला रोज किती टाकायचं त्याचा अंदाज येईल आणि भांडीही कमी खरकटी होतील.” दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर त्यांचे कान टवकारतात.

मग मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. समितीच्या मासिक सभेत विषय घ्या, ठराव लिहून घ्या. ठराव असला की ड्रम, जाळी, काटा यासाठी पैसे मागायला तोंड राहतं. सभेत जगाचे आकडे सांगू नका. मी सांगून पाहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असं म्हटल्यावर एक पालक जांभई देऊन म्हणाले, “बरं.” तांदळाचा हिशेब सांगितला तेव्हा तेच गृहस्थ पुढे सरकून बसले. तो हिशेब खाली आहे.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. नासाडी कमी करणं म्हणजे मुलाच्या वाट्याचं कमी करणं नव्हे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी, हे शालेय पोषण आहार योजनेचं प्रमाण आहे. ते मुलाच्या पोटात जावं एवढाच आपला खटाटोप. “पोरं टाकतात, मग कमीच शिजवा” हा सल्ला कुणीतरी देतोच. त्याला तिथेच थांबवायचं.

पहिला आठवडा: फक्त तोला

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. नेहमीसारखं शिजवा, नेहमीसारखं वाढा आणि तोला.

लागतं काय? रद्दीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा, तीन बादल्या आणि एक वही. बादल्यांवर रंगानं ठसठशीत लिहा: “देठं-सालं”, “उरलेलं”, “उष्टं”. रिकाम्या बादलीचं वजन आधी करून बादलीवरच लिहून ठेवा, नाहीतर रोज वजाबाकीत घोळ होतो. बादल्या नव्या घ्या किंवा खात्रीच्या घ्या. शेतीच्या औषधाचे, रंगाचे, केमिकलचे रिकामे डबे कितीही घासून घेतले तरी शाळेच्या आवारात नकोत. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. जेवणाच्या तेलात कीटकनाशक उतरलं होतं. आपली बादली चुलीपासून दहा हातांवरच असते, एवढं लक्षात ठेवा.

तोलायचं काम पाचवी-सहावीच्या मुलांना द्या. दोघं काटा धरतात, एक वाचतो, एक लिहितो. वहीत रकाने पाचच: तारीख आणि वार, उपस्थिती, आजचा पदार्थ, उरलेलं, उष्टं. देठं-सालं आठवड्यातून एकदा तोलली तरी पुरे, कारण ती कमी होणार नाहीत. अधिक रकाने आखाल तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल, हा अनुभव आहे.

आता तो तांदळाचा हिशेब. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो. समजा रोज उरलेलं आणि उष्टं मिळून तीन किलो भात बादलीत जातो. म्हणजे रोज एक किलोच्या आसपास तांदूळ गेला. महिन्याला बावीस दिवस शाळा धरली तर बावीस-पंचवीस किलो. हे सातवीच्या मुलांना फळ्यावर करू द्या आणि शेवटी विचारा, “तुमच्या घरी महिन्याला किती तांदूळ लागतो?” वर्गात जी शांतता पसरते ती भाषणानं पसरत नाही.

आमची दुसरी चूक इथलीच. आम्ही व्हरांड्यात मोठा तक्ता लावला, “आजची नासाडी”, आणि वर्गवार आकडे लिहू लागलो. चौथ्या दिवसापासून आकडे झपाट्यानं उतरले. आम्ही खूश. आठव्या दिवशी मोरी तुंबली. जाळी काढली तर आत भाताचा लगदा. पाण्याच्या टाकीमागे दोन कुत्री रोज दुपारी येऊन बसू लागली होती, त्याचाही उलगडा झाला. आपल्या वर्गाचा आकडा वाढू नये म्हणून मुलं भात लपवून टाकत होती. तेव्हा वर्गवार स्पर्धा नको, नावं नकोत, बक्षीस नको आणि “ताट चाटूनपुसून संपव” अशी दमदाटी तर नकोच. पोट भरलं असताना बळेबळे खाणारं मूल पुढच्या वेळी जेवायलाच बसत नाही. आकडा पूर्ण शाळेचा एकच लिहा.

वही काय सांगते

आठवड्याची वही समोर घेऊन ताईंबरोबर बसा. उरलेलं जास्त असेल तर चूक अंदाजात आहे. उष्टं जास्त असेल तर चूक वाढण्यात, चवीत किंवा वेळेत. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

उरलेल्याचं बघू. बहुतेक शाळांत तांदूळ पडतो तेव्हा हजेरी झालेलीच नसते. ताई पटावर किंवा कालच्या आकड्यावर टाकतात. बाजाराचा दिवस, गावची जत्रा, लग्नाची दाट तिथी, सोयाबीन काढणीचे दिवस, सलग सुट्टीनंतरचा पहिला दिवस अशा वेळी उपस्थिती धाडकन पडते, हे गावातल्या कुणालाही ठाऊक असतं, फक्त ते चुलीपर्यंत पोचत नाही. उपाय साधा: परिपाठ झाल्याबरोबर प्रत्येक वर्गाचा एक मुलगा किंवा मुलगी हजेरीचा आकडा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर खडूनं लिहील. बेरीज ताई करतील. आकडा आल्याशिवाय तांदूळ धुवायचा नाही. आमच्याकडे एवढ्या एका पाटीनं जितकं काम केलं तितकं दुसऱ्या कशानंच केलं नाही.

यातून साठा वाचला तर तो साठा नोंदवहीत जसाच्या तसा दिसला पाहिजे. पुष्कळ मुख्याध्यापकांना धाक असतो की शिल्लक दिसली की विचारणा होईल. म्हणून केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आधीच ठराव आणि तोलाची वही दाखवून ठेवा. मागून खुलासा देण्यापेक्षा हे बरं.

आता उष्टं. इथे कारणं चार-पाच आहेत आणि ती कळायला मुलांच्या रांगेशेजारी मांडी घालून जेवावं लागतं. उभं राहून दिसत नाहीत.

मी दुसरीच्या एका मुलीशेजारी बसलो होतो. मसालेभात होता. तिनं आधी कढीपत्त्याची पानं वेचून ताटाच्या कडेला ओळीनं लावली, मग टोमॅटोची सालं, मग मिरचीचे तुकडे. प्रत्येक वस्तूबरोबर थोडा भातही कडेला जात होता. ओळ पूर्ण होईतो तिच्या बाजूची मुलं उठून खेळायला पळाली होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि ताट उचललं. त्या ताटात निम्मा भात होता. म्हणजे एका ताटात तीन कारणं: चिरणं मोठं, तिखट जास्त, वेळ कमी.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःच कढीपत्ता चुरून टाकायला सुरुवात केली आणि मिरची उभी चिरून अख्खी ठेवली, म्हणजे वाढताना काढता येते. जेवण वाढण्याआधी शिक्षक आणि पालक चव घेतात आणि चव नोंदवहीत लिहितात. तिथे बहुतेक ठिकाणी रोज “चांगली” असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा पहिली-दुसरीच्या दोन मुलांना आधी एक घास द्या आणि तोंड बघा. नोंदवहीपेक्षा खरं कळतं.

वाढण्याचं म्हणाल तर एकच डाव पहिलीच्या आणि सातवीच्या मुलाला चालत नाही. धाकट्यांसाठी पळी, मोठ्यांसाठी डाव. आणि नियम एकच: पहिल्यांदा थोडं, मग हवं तितक्यांदा घे. यात एक मेख आहे. “पुन्हा मिळतं” हे मुलाला पटलेलं असावं लागतं. पातेलं एकदा आत गेलं की परत येत नाही असा अनुभव असेल तर मूल पहिल्याच वेळी ताट भरून घेणार. म्हणून पातेलं दहा मिनिटांनी पुन्हा रांगेतून फिरलंच पाहिजे, रोज, न चुकता. आमच्याकडे याला “दुसरी फेरी” म्हणतात आणि ती मोठी मुलं वाढतात, मुलगे आणि मुली दोघंही.

वेळेचं सोडवणं जरा अवघड. घंटा झाली की मुलाचं मन मैदानात असतं. जमत असेल तर दहा मिनिटं आधी खेळू द्या आणि मग जेवायला बसवा. भूक लागते आणि उठून पळायची घाईही राहत नाही. हात धुवायला रांग मोठी लागते, तेवढी तयारी ठेवा. आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीकडेही बघा. दहा-अकराच्या सुमाराला पाच रुपयांचं चुरचुरीत पाकीट पोटात गेलेलं मूल दुपारी जेवत नाही. उष्ट्याची बादली आणि रंगीत पाकिटांचा ढीग या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. दुकानदाराशी भांडून उपयोग होत नाही. पालकसभेत विषय घ्या.

पदार्थाचा रकाना महिन्याभरानं वाचा. आमच्या वहीत मटकीच्या उसळीच्या दिवशी बादली जवळपास रिकामी दिसते आणि एका विशिष्ट खिचडीच्या दिवशी जड. तुमच्याकडे उलटंही असेल.

उरलेलं कुणाला द्यायचं

सगळं करूनही थोडं उरतंच. पातेल्यातलं, हात न लागलेलं अन्न त्याच दुपारी, गरम असताना, खायला मिळालं तर उत्तम. दुसऱ्या फेरीनंतर मोठ्या मुलांना विचारा. मदतनीस ताईंना न्यायचं असेल तर त्याबद्दल मुख्याध्यापकांनी उघडपणे ठरवून द्यावं, चोरट्यासारखं नको. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवून कुणाला पाठवायचं असेल तर मात्र माझं उत्तर ‘नाही’, आणि ते ठाम आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात. कोमट भात तासन्‌तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. दोन तासांपलीकडचा भात माणसांसाठी संपला असं समजा.

जनावरांचं तारतम्य हवं. देठं, कोबीची बाहेरची पानं, मटारच्या शेंगांची टरफलं शेळ्यांना खुशाल द्या. पण बादलीभर भात गाई-म्हशीपुढे ओतू नका. शिजलेला भात एकदम पोटात गेला की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. लग्नाच्या मांडवामागे असं होतं हे गुराखी सांगतील. कोंबड्यांना थोडा भात चालतो. कुंपणाबाहेर भिरकावून कुत्र्यांना घालणं बंदच. कुत्री रोज येऊ लागली की एक दिवस मुलाला चावणार.

खत

आता कुठे खड्ड्याकडे वळायचं. एव्हाना बादली हलकी झालेली असेल, म्हणून खड्डाही लहान लागेल.

खड्डा की ड्रम? कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर जमिनीत खड्डा करूच नका, जूनमध्ये त्याचं डबकं होतं. जमिनीच्या वर विटांचा कठडा किंवा भोकं पाडलेले ड्रम, वर पत्रा. मराठवाड्यात आणि विदर्भात दुखणं उलटं, ढीग वाळून जातो. तिथे सावली बघा, झाडाखाली जागा घ्या. रोज दोन ते पाच किलो ओला कचरा असेल तर २०० लिटरचे तीन ड्रम पुरतात: एक भरतोय, एक मुरतोय, एक रिकामा होतोय. विटांचे करायचे तर तीन फूट लांब, रुंद, उंच असे दोन-तीन हौद.

‘नाडेप’ हौद बांधा असंही कुणी सुचवेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी घडवलेली ही पद्धत शेतकऱ्यासाठी फार चांगली आहे. जाळीदार विटांचा दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद. पण तो एक-दोन दिवसांत पूर्ण भरून वरून लिंपून टाकायचा असतो. शाळेचा कचरा रोज बादलीभर येतो, त्याला ही पद्धत बसत नाही. आवारात भरपूर झाडं असतील आणि पानगळीचा ढीग जमत असेल तर त्या पाल्यासाठी वेगळा नाडेप करा.

गांडुळांचा मोह पहिल्या वर्षी टाळा. खतासाठी वापरतात त्या आयसेनिया फेटिडा जातीला मीठ, तेल, तिखट आणि कांदा-लिंबाची सालं सोसत नाहीत आणि आपल्या बादलीत नेमकं तेच असतं. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना पाणी कोण घालणार?

भरायची रीत अशी. तळाला वीतभर काटक्या आणि नारळाच्या शेंड्या, म्हणजे खालून हवा खेळते आणि पाणी निथळतं. त्यावर पाल्याचा थर. त्यावर जुन्या खताची किंवा शेणकाल्याची पाटी. हे विरजण. मग रोज एक बादली ओलं, त्यावर दोन बादल्या वाळका पाला. हे दोनास एक प्रमाण हातात बसलं की निम्मं काम झालं. पाल्यात कार्बन असतो, अन्नात नायट्रोजन, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट लागतो, हे सातवीच्या मुलांना सांगायचं. धाकट्यांना “एक घास भात, दोन घास पाला” पुरे.

भाताचे गोळे हातानं किंवा खुरप्यानं मोडा. गोळा राहिला की आत हवा जात नाही, तो चिकट होऊन आंबतो. आमचा पहिला खड्डा याच गोळ्यांनी बिघडला. आमटीचं पाणी आणि तेलाची तर्री आधी निथळून घ्या. पाला कुठून आणायचा हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चमध्ये पडत नाही, जुलैत पडतो. म्हणून पानगळीत पाला पोत्यांत भरून ठेवायला लागा. शेंगांची टरफलं, लाकडाच्या वखारीतला भुसाही चालतो, रंग किंवा केमिकल लावलेल्या लाकडाचा नको.

ओल तपासायला मूठभर घेऊन आवळा. एक-दोन थेंब बोटांतून आले तर ठीक. धार लागली तर पाला टाका. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. वास आंबूस असेल तर ओल जास्त; नाकात झोंबणारा, गोठ्यासारखा असेल तर पाला कमी. चांगल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आठवड्यातून एकदा खालीवर करा. ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढली तर ती हाताला चटका देते, कारण आतलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत चढतं. हा प्रयोग एकदा मुलांसमोर करा, मग ढिगाकडे कुणी नाक मुरडत नाही. सळई मात्र तुम्ही काढा.

करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या तर ओरडू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि अन्न झपाट्यानं फस्त करतात. वर पाल्याचा जाड थर ठेवा. उंदीर-घुशींसाठी ड्रमच्या भोकांना बारीक तारेची जाळी. आणि तोंडावर झाकण, वर एक वीट.

आता एक नाजूक गोष्ट. बादली कोण उचलतं? पाळीचा तक्ता करा आणि तक्त्यात सगळी मुलं असू द्या, मुलगे आणि मुली, पाटलाचा आणि मजुराचा, दोन्ही. शिक्षकही. काही दिवस लक्ष ठेवलं नाही तर बादली ठराविक मुलांच्याच हातात जाऊन थांबते, आणि कुणाच्या हातात थांबते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पालकांपैकी कुणी “आमचं पोर उष्टं उचलायला शाळेत येत नाही” म्हणेल. मी त्या पालकांना एक दिवस बोलावलं आणि त्यांच्यासमोर बादली स्वतः उचलली. वाद तिथे मिटला असं नाही, पण पोराचं नाव तक्त्यातून काढावं लागलं नाही. हातमोजे, साबण आणि काम झाल्यावर हात धुणं सक्तीचं.

सुका कचरा

हे सोपं आहे, म्हणून थोडक्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा ठेवणं बंधनकारक केलं, ते आपण करतोच आहोत. कागद, पुठ्ठा, तेलाच्या पिशव्या, लोखंड-पत्रा वेगवेगळ्या पोत्यांत. भंगारवाल्याला शाळेत बोलवा, मुलांसमोर तोलू द्या आणि त्याला विचारू द्या की तो काय घेतो आणि काय नाही. चकचकीत पाकिटं तो घेणार नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. मुलांना हे त्याच्या तोंडून ऐकलेलं लक्षात राहतं. पुण्यात असाल तर ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंना वर्गावर बोलवा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ आली, तो इतिहास त्यांच्याकडूनच ऐकण्यासारखा आहे.

तांदळाच्या रिकाम्या गोण्या मात्र भंगारात टाकू नका, पाला भरायलाही परस्पर घेऊ नका. त्यांचा हिशेब असतो. मुख्याध्यापकांना विचारा. हे मी का सांगतोय ते विचारू नका.

डब्याच्या आणि शहरातल्या शाळा

डबा असेल तर नियम एकच: उरलेलं डब्यातच परत घरी. शाळेच्या बादलीत टाकलं की आईला वाटतं पोरानं सगळं खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच येतं. मध्यवर्ती स्वयंपाकघरातून जेवण येत असेल तर सकाळच्या हजेरीचा आकडा कुणी, किती वाजता कळवायचा ते लेखी ठरवा आणि परत जाणारे डबे तोलून नोंदवा. जागा नसेल तर गच्चीत भोकांचे क्रेट किंवा माठ चालतात. मोठ्या कॅन्टीनचा ओला कचरा रोज भरपूर असेल तर लहान बायोगॅस संयंत्राचा विचार करा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र तयार केलं, त्याला स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अ‍ॅश्डेन पुरस्कार २००६ साली मिळाला. मात्र रोज नेमानं भरणारा माणूस हवा. सुट्टीत ते उपाशी राहतं.

वर्षाचा मेळ

जूनमध्ये शाळा भरल्यावर लगेच सुरू करू नका. प्रवेश, पुस्तकं, गणवेश यांत तुम्ही बुडालेले असता. जुलैत तोला, ऑगस्टमध्ये पाटी आणि दुसरी फेरी बसवा, दिवाळीच्या सुट्टीनंतर ड्रम लावा. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि पानगळ पुढे असते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भरणं थांबवा, वर पाला आणि ओलं गोणपाट टाका आणि शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना सुट्टीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी शिंपडायला सांगा. जूनमध्ये खत तयार मिळतं, नेमकं परसबागेची आळी करायच्या वेळी. अळू, शेवगा, कढीपत्ता, दुधी, पालक लावा, जे पुन्हा पातेल्यात जाईल.

खत वापरण्याआधी वाळूच्या चाळणीनं चाळा. वर राहिलेलं जाडंभरडं पुढच्या ड्रममध्ये विरजण म्हणून घाला. चाळायला मुलांची झुंबड उडते, कारण आत काय निघेल सांगता येत नाही. आमच्या पहिल्या चाळणीत एक खोडरबर, दोन बटणं, कंपासपेटीचं झाकण आणि सात चमचे निघाले. ताईंनी चमचे धुतले, मोजले आणि वर्षभर ज्यांच्यावर संशय घेतला होता त्या सहावीच्या पोरांकडे एकदा बघून ते मांडणीवर ठेवून दिले.